उत्तर बरोबर, रीत चूक

उभे राहा. पाचही जण. फासे इथं टेबलावर ठेवा. मोकळ्या तासाला खेळलात म्हणून मी ओरडत नाही. यमाईच्या जत्रेवर खेळ रचलात, डोंगराची वाट, कुस्तीचा फड, पैलवान, पाकीटमार, सगळं वहीत आखलंत, तेही मला आवडलं. राग आलाय तो चौथ्या पानाचा.

वाच रे, मोठ्यानं. 'पैलवानाचं बळ 16. पाकीटमाराचं निसटणं 70. 70 मोठे, पाकीटमार सुटला.' झालं? दहावीत बसता आणि 16 कशाचे, 70 कशाचे हे विचारायचं एकालाही सुचलं नाही? उद्या म्हणाल, ह्यानं 108 सूर्यनमस्कार घातले, त्याचं वजन 70 किलो, म्हणजे हा 38 नं जिंकला. आणि हे कुठं बसून? ज्या औंधात राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी शाळांतून सूर्यनमस्कार सक्तीचे केले तिथं!

बळाचे 16 तुम्ही तीन फासे टाकून काढलेत. 3 ते 18. ही रीत 1974 च्या 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' ह्या खेळापासूनची. तीन फासे 216 तऱ्हांनी पडतात, त्यांत 16 किंवा जास्त फक्त 10 तऱ्हांत. म्हणजे तुमचा पैलवान शंभरांत चार-पाच निघतील त्यांतला. आणि निसटण्याचे 70 हे टक्के, शंभरदा प्रयत्न केला तर सत्तरदा जमेल असं कसब. एक पायलीनं मोजलंय, दुसरं तोळ्यानं. आणि तुम्ही निकाल देऊन मोकळे!

हसू नका. मोठ्यांनीही हा घोळ घातलाय. त्याच खेळात 1975 साली चोर आला तो टक्केवारी घेऊनच, बाकीचे गुण राहिले 3 ते 18 वर. 2000 साली तिसऱ्या आवृत्तीनं सगळं वीस बाजूंच्या एका फाशावर आणलं. पंचवीस वर्षं. तुम्हाला मी पंचवीस मिनिटं देतोय.

तुमच्यातला एक तालमीत जातो ना? सांग ह्यांना, मातीतल्या कुस्तीला जोड कशी लावतात. दोघांना शेजारी उभं करून अंगलट बघतात. मॅटवर तर वजनगटच असतात. आधी माप एक, मग सलामी.

बळाशी बळ भिडलं असतं तर सोपं होतं. 16 विरुद्ध 12, फरक 4, पाचनं गुणून 20, पन्नासात मिळवले की जिंकायची शक्यता 70 टक्के. ही 'रूनक्वेस्ट' ह्या खेळाची रीत. पण इथं बळ विरुद्ध कसब आहे. मग 'कॉल ऑफ कथुलू' ह्या खेळाच्या सातव्या आवृत्तीनं केलं तसं करा (नाव मलाही नीट उच्चारता येत नाही): 3 ते 18 च्या गुणाला सरळ पाचनं गुणा. 16 चे 80. बघा, ज्याला तुम्ही न खेळवता हरवलंत तो पुढे होता!

पण पुढे आहे म्हणून जिंकला, असंही म्हणायचं नाही. नाहीतर फासे कशाला आणलेत? दोघांनी शंभरापर्यंतचे फासे टाकायचे. आपल्या आकड्याच्या आत पडलं तर यश, निम्म्याच्या आत पडलं तर वरचं यश, पाचव्या हिश्शाच्या आत तर त्याहून वरचं. ज्याचं यश वरचं तो जिंकला. दोघांचं सारखंच आलं, तर ज्याचा मूळ आकडा मोठा तो.

तुम्ही फासे टाकले होतेत. समासात लिहिलंय: पैलवान 52, पाकीटमार 31. टाकले आणि बघितलेसुद्धा नाहीत. आता कर फळ्यावर. 80 चे निम्मे 40. 52 त्याच्या बाहेर, म्हणून साधं यश. 70 चे निम्मे 35. 31 त्याच्या आत, म्हणून वरचं यश.

हो, पाकीटमारच सुटला. दात काढू नका. भूमितीच्या पेपरात उत्तर बरोबर आणि रीत चूक असली तर मी काय देतो?

चौथं पान फाडायचं नाही. खाली तांबड्या शाईनं शून्य लिहून सही केली आहे. फासे तास संपल्यावर घेऊन जा.