फार्दिंगचे मोल

ब्रिटनमध्ये फार्दिंग हे कांस्याचे लहानसे नाणे होते; एका पौंडाला ९६०. १९३७ पासून त्यावर रेन हा इवलासा पक्षी आला. चित्र हॅरल्ड विल्सन पार्कर यांचे. पुढे महागाईत फार्दिंगला काहीच मिळेना. १९६० अखेर ते चलनातून बाद झाले.

१६११ च्या इंग्रजी बायबलात दोन चिमण्यांची किंमत एक फार्दिंग आहे आणि गरीब विधवेचे दानही तेवढेच. बाजाराने ठरवलेली किंमत खोटी नव्हती. पण प्रभूने पाहिले ते मोल. किंमत व्यवहारापुरती असते, तो संपला की तीही संपते. मोल व्यवहारावर अवलंबून नसते.

मग आपल्या घरातले वृद्ध, जे आता कमवत नाहीत, त्यांना आपण कशाने मोजतो? आज मिस्सानंतर त्यांच्याजवळ दोन घटका बसू या.