पाठभिंतीचा प्रश्न

चित्रातील घोडा पाहून ज्या बुद्धीने आपण त्याला घोडा म्हणतो ती बुद्धी यथार्थ नव्हे, मिथ्या नव्हे, संशयाची नव्हे आणि केवळ सादृश्याचीही नव्हे, असा विलक्षण निर्णय श्रीशंकुकाने भरताच्या रससूत्राचे विवरण करताना दिला. आणि अभिनवगुप्ताने तो पुढे खोडून काढला असला, तरी त्याच्या चित्रतुरगन्यायाची आठवण व्हावी असे एक काम हल्ली माझ्या पाहण्यात आहे.

पुण्यात चित्रकला शिकणारी माझ्या परिचयातील एक विद्यार्थिनी संगणकावर वाईचा कृष्णाकाठ उभारीत आहे. (ज्या गावी प्राज्ञपाठशाळा नांदली, तेथील घाटावरून वेदान्त निघावा यात नवल ते काय!) तिने एक पायरी मन लावून घडविली, तिच्या कडा झिजविल्या आणि ‘ब्लेंडर’ या त्रिमितीय चित्रणाच्या प्रणालीला एक आज्ञा देऊन त्याच पायरीच्या प्रतींचा सबंध घाट बांधून टाकला, परंतु सगळ्या पायऱ्या एकाच जागी झिजलेल्या पाहून शिक्षकांनी नापसंती दर्शविली, तेव्हा टॅब्लेटवर स्टायलस कधी दाबून, कधी हलकी फिरवीत, जेथे धुणे आपटले जाते तेथला दगड तिने अधिक गुळगुळीत केला. झीज आली; झिजविणारे मात्र कोणी आलेच नाही. या दगडाला जाडीही नाही, केवळ पृष्ठ आहे. आणि हेच दृश्य खेळासाठी चालते करावे, तर कॅमेऱ्याच्या दृष्टिक्षेत्राबाहेर जे पडेल ते रेखाटण्याची तसदी यंत्र घेत नाही.

हे ऐकून वेदान्ताचा अभ्यासक हरखून जातो. पाहणे हेच वस्तूचे उत्पन्न होणे, असा जो दृष्टिसृष्टिवाद प्रकाशानंदांनी ‘वेदान्तसिद्धान्तमुक्तावली’त मांडला, त्याचे जणू प्रात्यक्षिकच त्याला सापडते. मला हे साम्य फसवे वाटते. न दिसणारा घाट यंत्राच्या दफ्तरी जसाच्या तसा नोंदलेला असतो, थांबते ते केवळ त्याचे रेखाटन. आणि प्रकाशानंदांना असले दफ्तर मुळीच मंजूर नाही.

खरी अडचण वेगळीच आहे. त्या घाटावरील ढोल्या गणपतीच्या देवळाची पाठभिंत मत्स्याकार बांधलेली आहे, ती शोभेसाठी नव्हे, तर कृष्णेला पूर आला असता पाणी दुभंगून दोहो बाजूंनी निघून जावे म्हणून. आणि कॅमेरा मागे जाणारच नाही म्हणून या मुलीने नेमकी तीच भिंत वगळली होती. जे कार्य करू शकते तेच सत्, या धर्मकीर्तीच्या कसोटीला खरी भिंत उतरते, या मुलीच्या देवळाला ती भिंतच नाही. यावर गौडपादांचे उत्तर तयार आहे: जागृतीतील वस्तूंची उपयुक्तता स्वप्नात टिकत नाही, (भाष्यातला दाखला घ्यायचा तर) पोटभर जेवून निजलेलाही स्वप्नात भुकेला होतो, म्हणून उपयुक्तता हे सत्यत्वाचे प्रमाण नव्हे. उत्तर बिनतोड आहे, परंतु नदीकाठी राहणाऱ्या माणसाचे त्याने समाधान होईल असे मला वाटत नाही.

पुढे तिने ती भिंत बांधली. कोणाला दिसणार नाही, गुण मिळणार नाहीत, मग हा खटाटोप कशासाठी, असे विचारता ती म्हणाली, “पण काका, मला माहितीये ना तिथं भिंत नाही ते!” दोरी ओळखली की साप उरत नाही, असे आपण शिकत आलो, येथे सगळे पोकळ आहे हे पुरते ठाऊक असणारीच त्यात अधिक गुंतत जाते. कळल्यावरही मृगजळ दिसत राहते, असे वेदान्ती म्हणेल. पण कळल्यावर घागर घेऊन कोणी तिकडे जात नाही, आणि ही तर जाते. अशा कर्माच्या मुळाशी अज्ञान कल्पिणे मला ओढाताणीचे वाटते. ‘अमृतानुभवा’च्या सातव्या प्रकरणात ज्ञानेश्वरांनी अज्ञानाचेच खंडन करून जगाला चैतन्याचा विलास ठरविले, तो पक्ष येथे अधिक जवळचा वाटतो. मात्र ही मुलगी आपल्या कृष्णेच्या बाहेर, मान आखडेपर्यंत खुर्चीवर बसलेली असते. ज्ञानेश्वरांच्या मते द्रष्ट्याला असे बाहेर बसायला जागाच नाही, आणि तेवढ्यापुरता माझा दृष्टांत लंगडा आहे.