समीकरणाची सरहद्द

एखाद्या समीकरणाचा अंमल कोठवर चालतो, याची नोंद त्या समीकरणात नसते. ती बाहेरून शोधून काढावी लागते, आणि विरल वायू अरुंद नळीतून कसा वाहतो, या वरवर क्षुल्लक वाटणाऱ्या प्रश्नापायी भौतिकशास्त्राला या शोधात जवळजवळ शंभर वर्षे घालवावी लागली. नॅव्हिए याने १८२२ साली द्रायूच्या गतीचे जे समीकरण मांडले, त्याचे विवेचन रेणूंमधील परस्परबलांपासून सुरू झाले होते खरे. परंतु अखेरच्या मजकुरात रेणूंचा मागमूस उरला नाही, आणि १८४५ साली स्टोक्सने त्यास जे स्थिर रूप दिले, त्यात वायू म्हणजे कोठेही फट नसलेला अखंड पदार्थ ठरला, ज्याची सारी अंतर्गत हकीकत श्यानता नावाच्या एका संख्येत सामावली. भिंतीला टेकलेला थर भिंतीपाशी निश्चल राहतो, हे गृहीतही त्याच्या जोडीला आले.

या श्यानतेविषयी मॅक्सवेलने १८६० साली एक विलक्षण निष्कर्ष काढला की, वायूचा दाब कमी केला तरी ती कमी होत नाही. स्वतःच्या गणितावर त्याचाही सहजासहजी विश्वास बसेना, म्हणून लंडनमधील घराच्या माळ्यावर त्याने तारेला टांगलेल्या काचेच्या तबकड्या स्थिर तबकड्यांच्या मध्ये हेलकावत ठेवल्या आणि हवा हळूहळू काढून घेतली. खोलीचे तापमान चढते राखण्यासाठी ऐन उन्हाळ्यात शेगडी पेटती ठेवावी लागे, तीवर किटल्या उकळत असत, आणि विस्तव सांभाळण्याचे काम त्याची पत्नी कॅथरीन करी. पारा तीस इंचांवरून अर्ध्या इंचावर आला, तरी हेलकाव्यांना होणारा विरोध जवळजवळ तितकाच राहिला. कारण असे की, रेणू निम्मे झाले तर प्रत्येक रेणू टक्कर होण्यापूर्वी दुप्पट अंतर जातो, आणि संवेगाची एकूण वाहतूक तेवढीच राहते.

मला वाटते, समीकरणाच्या मर्यादेचे बीज नेमके या विजयातच होते. हे दुप्पट-चौपट होत जाणारे अंतर, म्हणजेच सरासरी मुक्तपथ, सर्वसाधारण हवेत मिलिमीटरच्या सुमारे चौदा हजाराव्या भागाइतके असते. दाब हजारपटीने उतरला की ते केसाच्या जाडीएवढे होते, आणि लाखपटीने उतरला की सात मिलिमीटरांवर जाते. नळी त्याहून अरुंद असेल तर रेणूला दुसरा रेणू भेटण्याआधी भिंतच भेटते, आणि मग श्यानता हा शब्द कोणास उद्देशून वापरावयाचा?

१८७५ साली कुंट व वॉरबुर्ग यांना विरल वायू भिंतीवरून घसरतो असे आढळले. मॅक्सवेलने १८७९ च्या आपल्या निबंधास परीक्षकाच्या सूचनेवरून एक परिशिष्ट जोडले व त्यात या घसरणीचे सूत्र दिले: काही रेणू भिंतीत शोषले जाऊन तिच्याशी समतोल साधून परततात, उरलेले आरशावरील किरणांप्रमाणे परावृत्त होतात. त्याच वर्षी नोव्हेंबरात तो निवर्तला. मूळ समीकरणास हात न लावता केवळ सरहद्दीवरील करार बदलण्याची ही युक्ति आजही अभियंत्यांच्या उपयोगी पडते, आणि माझ्या मते तिचे ऋण पुरेसे मानले जात नाही.

परंतु १९०९ साली कोपनहेगनच्या मार्टिन क्नुडसेनने जे दाखविले, ते या करारातही बसेना. काचेच्या बारीक नळ्यांतून वायू सोडून, दाबातील ठराविक फरकाला किती वायू पार होतो हे तो मोजत होता. सरासरी दाब उतरवीत नेला तसा हा प्रवाह अपेक्षेप्रमाणे घटत गेला; मात्र मुक्तपथ नळीच्या व्यासाच्या जवळपास येताच तो नीचांकाला पोहोचला, आणि दाब त्याहूनही खाली नेल्यावर किंचित, शेकडा सुमारे पाच इतका, पुन्हा वाढला. वायू विरळ करावा आणि वाट सुलभ व्हावी, हे मॅक्सवेलच्या घसरणीच्या सूत्रातून कोणत्याही उपायाने निघत नाही.

यामागील कारण, रेणूंच्या वेगांची वाटणी टकरींमुळे कशी बदलते हे सांगणाऱ्या बोल्ट्समनच्या १८७२ च्या समीकरणात दडलेले होते. चॅपमन व एन्स्कोग यांनी १९१६-१७ च्या सुमारास त्याचा विस्तार करून दाखविले की, नॅव्हिए-स्टोक्सची समीकरणे म्हणजे मुक्तपथ लहान असतानाचे आसन्न रूप होय. पुढचे पद घेतले की मर्यादा पुढे सरकेल, ही आशा स्वाभाविक होती. बर्नेटने १९३५ साली ते पद काढलेही, पण त्याची समीकरणे अतिशय आखूड लहरींपुढे अस्थिर होतात, असे १९८२ मध्ये बोबिलेव्हने सिद्ध केले.

तोवर उत्तर दुसऱ्या वाटेने आलेले होते. भटनागर, ग्रॉस व क्रूक यांनी १९५४ साली बोल्ट्समनच्या समीकरणातील टकरीच्या जटिल पदाच्या जागी एक साधे पद ठेवले. या तिघांतील प्रभुलाल भटनागर पुढे बंगळूरच्या विज्ञानसंस्थेत गणित शिकवीत. त्याच प्रतिमानाचा आधार घेऊन चर्चिन्यानी व दानेरी यांनी १९६३ साली दोन समांतर पाट्यांमधील प्रवाहाचे गणित केले, आणि क्नुडसेनचा नीचांक आकड्यांतून प्रकट झाला. पाट्यांना जवळजवळ समांतर निघालेले मोजके रेणू भिंतीला न शिवता फार दूर जातात. वाटेत अडविणारा दुसरा रेणू जितका दुर्मीळ, तितका प्रवाहातील त्यांचा वाटा मोठा. पाट्या अमर्याद लांब मानल्या तर विरलतेबरोबर हा प्रवाह लघुगणकाच्या संथ गतीने वाढतच राहतो. अखंड पदार्थाच्या कल्पनेत प्रत्येक बिंदूला एकच वेग असतो, आणि म्हणून या थोड्या रेणूंची तेथे गणतीच होऊ शकत नाही.