सत्यकामाची तयारी

पाठ केलेलं उत्तर खोटं असतं का, हा प्रश्न मला दरवर्षी हिवाळ्यात कुणी ना कुणी विचारतंच. विचारणारी मुलं वाणिज्य आणि व्यवस्थापनाच्या शेवटच्या वर्षाची असतात. नंदुरबारात मी हे विषय शिकवते, आणि कॅम्पस मुलाखती जवळ आल्या की सराव करून घेण्याचं काम माझ्याकडे येतं. ‘स्वतःबद्दल सांगा’, ‘तुमचा कमकुवतपणा कोणता’, ‘आम्ही तुम्हालाच का घ्यावं’, ‘पाच वर्षांनी कुठे असाल’ हे प्रश्न ठरलेले. मोबाइलवर त्यांची उत्तरंही ठरलेली. मुलं ती घोकून येतात, आणि त्यांतली विचार करणारी मुलं मध्येच थांबतात. घरी माळकरी आजोबांनी बजावलेलं असतं, खोटं बोलू नये, ‘मी मी’ करू नये. इथे तर बोलायचं ते फक्त ‘मी’बद्दल, आणि तेही समोरच्यावर छाप पडेल असं.

मला हा प्रश्न नोकरीपेक्षा धर्माचा वाटतो. स्वतःविषयी किती बोलावं, कोणत्या गोष्टीचं श्रेय घ्यावं आणि खरेपणा कुठे सुटतो, याचा विचार आपल्याकडे फार जुना आहे. मुलाखतीच्या खोलीत जाणाऱ्या मुलाला तो कामाला येतो, हा माझा अनुभव आहे.

छांदोग्य उपनिषदाच्या चौथ्या अध्यायात सत्यकामाची गोष्ट आहे. त्याला हारिद्रुमत गौतमांकडे राहून शिकायचं होतं. गेल्यावर गोत्र विचारतील हे त्याला ठाऊक होतं, म्हणून निघण्याआधी त्याने आईला विचारलं. जबालाने आडपडदा न ठेवता सांगितलं की तरुणपणी मी अनेक ठिकाणी सेवाचाकरी करत होते, त्या दिवसांत तू झालास, गोत्र मला माहीत नाही. माझं नाव जबाला, तुझं सत्यकाम, तेव्हा सत्यकाम जाबाल असंच सांग. गुरूंनी तोच प्रश्न विचारला. मुलाने आईचं बोलणं जसंच्या तसं सांगितलं. त्याला जवळ करून गुरूंनी चारशे रोडक्या गाई त्याच्या हवाली केल्या, आणि हजार झाल्याशिवाय परतणार नाही असं म्हणून तो रानात गेला.

ही गोष्ट सांगताना सगळे मुलाच्या खरेपणाशी थांबतात. मी विद्यार्थ्यांना त्याआधीचा क्षण दाखवते. हा मुलगा तयारी करून गेला होता. कोणता प्रश्न येणार हे त्याने ओळखलं, ज्या माणसाला उत्तर माहीत असेल त्या माणसाकडे तो गेला, ऐकलेलं नीट लक्षात ठेवलं आणि वेळ आल्यावर न अडखळता सांगितलं. त्याचं उत्तर पाठच होतं, तरीही खरं होतं. उत्तर आपल्या आयुष्यातून आलं असेल तर ते शंभर वेळा म्हणून पाहिलं तरी त्यात खोट येत नाही. दुसऱ्याच्या आयुष्यातून उचललेलं उत्तर पहिल्यांदाच उच्चारलं तरी ते खोटंच.

या कथेतला एक भाग मात्र मी सोडून देत नाही. इतकं सरळ बोलणारा ब्राह्मणच असला पाहिजे, असा अर्थ गुरू त्या उत्तरातून काढतात. हा निष्कर्ष मला मान्य नाही, आणि सातपुड्याच्या पायथ्याशी शिकवणाऱ्या कुणालाच तो मान्य होऊ नये. खरेपणा जातीतून येत नाही. त्या मुलाकडे तो आला जबालेकडून, राबणाऱ्या आणि न लाजता सांगणाऱ्या बाईकडून.

आमच्याकडची मुलं नेमकी इथेच अडतात. ‘वडील काय करतात?’ या साध्या प्रश्नाला मजुराचं लेकरू ‘शेती’ म्हणतं. ऊसतोडीला गुजरातेत जाणाऱ्या घरातली मुलं ‘व्यवसाय’ म्हणून मोकळी होतात. अक्कलकुव्याकडची एक विद्यार्थिनी सरावाला बसली होती. ‘एखादी जबाबदारी पार पाडल्याचा प्रसंग सांगा,’ असं विचारल्यावर तिने कॉलेजच्या स्नेहसंमेलनाची कुठूनतरी घेतलेली हकिगत इंग्रजीत धडाधड म्हणून दाखवली. आवाज एकसुरी, नजर भिंतीवर. मी विचारलं, “मिरचीच्या दिवसांत तू काय करतेस?” ती म्हणाली, “काही नाही मॅडम, आईसोबत पथारीवर जाते.”

नंदुरबारची मिरची बाहेरच्यांना बाजारभावाच्या बातमीतून माहीत असते. इथे ती आधी वासाने कळते. दिवाळीच्या आगेमागे ओली लाल मिरची बाजार समितीत येऊ लागते आणि व्यापारी ती शहराबाहेरच्या मोकळ्या जागांवर वाळत घालतात. या पथाऱ्यांवर बायका दिवसभर वाकून मिरची पसरतात, उलटतात आणि देठ खुडतात. बोटांची आग रात्री भाकरी थापतानाही जात नाही. अवकाळी पाऊस आला तर मिरची पांढरी पडते, भाव जातो.

खोदून विचारल्यावर मुलगी हळूहळू बोलू लागली. देठ खुडण्याची मजुरी किलोवर असते. मुकादमाच्या वहीतलं वजन आणि बायकांच्या मनातलं वजन आठवड्याच्या शेवटी जुळायचं नाही, रोज वाद व्हायचा. म्हणून तिने शंभर पानी वहीत प्रत्येक बाईच्या नावाची एक ओळ आखली. संध्याकाळी काट्यावर वजन झालं की लगेच लिहायचं, आणि ते वाचून दाखवून मुकादमाची सही घ्यायची. दोन आठवड्यांत भांडणं थांबली. पुढे मुकादमच म्हणू लागला, पोरीच्या वहीप्रमाणे करा. एवढं सांगून ती म्हणाली, “पण मॅडम, हा अनुभव थोडाच आहे?”

हिशेब, तंटा मिटवणं, दोन्ही बाजूंना पटेल अशी पद्धत बसवणं हे सगळं तिने केलं होतं. व्यवस्थापनाच्या पुस्तकात याला मोठमोठी नावं आहेत. ते न सांगण्याला ती विनय समजत होती. मला ते असत्य वाटतं. जे केलं नाही ते केलं म्हणणं जसं खोटं, तसंच जे केलं ते ‘काही नाही’ म्हणणंही खोटं. ॲरिस्टॉटलने नीतिशास्त्रावरच्या आपल्या ग्रंथात सत्यवचनाची जागा बढाई आणि स्वतःला कमी करून सांगणं यांच्या मधोमध दाखवली आहे. दोन्ही टोकं त्याने खरेपणाच्या बाहेर ठेवली. त्यासाठी ग्रीसला जायचीही गरज नाही. आमच्या तळोदा तालुक्यातल्या मोरवडच्या गुलाम महाराजांनी 1938च्या सुमारास आदिवासींना दारू सोडायला, स्वच्छ राहायला आणि एकमेकांना ‘आप’ म्हणून मानाने हाक मारायला शिकवलं. हजारो माणसं त्यांच्या आरतीला जमू लागली. सावकार आणि अंमलदारापुढे मान खाली घालून उभं राहणं ही भक्ती नव्हे, हे त्या भल्या माणसाने ओळखलं होतं. देवापुढे नम्र व्हावं. माणसापुढे सरळ उभं राहावं.

दुसरं टोक दाखवणारा एक विद्यार्थी शहाद्याकडचा. रेझ्युमेत त्याने लिहिलं होतं, ‘ठिबक संचाच्या बाजारपेठ सर्वेक्षणाचं नेतृत्व केलं’. मी एवढंच विचारलं, “गावं कशी निवडली?” त्याला सांगता येईना. निवड दुसऱ्याने केली होती, तक्ते तिसऱ्याने केले होते, अहवाल चौथीने लिहिला होता. “मग तू काय केलंस?” तो ओशाळून म्हणाला, “मी फक्त शेतकऱ्यांशी बोललो. बाकीच्यांना ते उत्तरं देत नव्हते. मी अहिराणीत सुरुवात केली की बसायला खाट टाकायचे.” म्हणजे जे काम त्याच्यावाचून अडलं असतं तेच त्याने रेझ्युमेतून गाळलं होतं, आणि दुसऱ्यांचं काम आपल्या नावावर लावलं होतं.

या मुलासाठी मला गीतेचा अठरावा अध्याय उघडावा लागला. कोणतंही कर्म घडायला पाच कारणं लागतात, असं तिथे सांगितलं आहे: अधिष्ठान, कर्ता, करण म्हणजे साधनं, नाना प्रकारच्या चेष्टा म्हणजे धडपडी, आणि पाचवं दैव. अधिष्ठानाचा अर्थ भाष्यकार देह असा करतात. मी वर्गात तो जागा आणि परिस्थितीपर्यंत ताणते. हे पाच असताना जो स्वतःला एकटा कर्ता मानतो त्याला नीट दिसत नाही, असं गीता लगेच पुढे म्हणते. हा विचार बढाईखोराला आवरतो हे उघड आहे. स्वतःला पुसून टाकणाऱ्यालाही तो आवरतो, कारण पाचांत कर्ता आहे. एकटा नाही, पण आहे.

याचं उदाहरण खानदेशातच आहे. 1932 साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबा दर रविवारी गीतेवर बोलले, फेब्रुवारीपासून जूनपर्यंत, एकेक अध्याय. तेव्हा नंदुरबार पश्चिम खानदेशात होतं आणि धुळं हेच आमच्या जिल्ह्याचं ठिकाण होतं. ‘गीता प्रवचने’ हे पुस्तक विनोबांचं, यात वाद नाही. पण साने गुरुजी त्याच तुरुंगात होते आणि त्यांनी ती प्रवचनं उतरवून घेतली, म्हणून ती आपल्या हाती आली. ऐकायला कैदी होते. सगळ्यांना एका भिंतीआड आणणारं सरकार होतं. या पुस्तकाच्या घडण्यात गुरुजींचा वाटा किती, असं कुणी विचारलं तर ‘पुस्तक मी केलं’ हे उत्तर खोटं आणि ‘मी काहीच केलं नाही’ हेही खोटं. ‘ते बोलले, मी लिहून घेतलं’ एवढंच खरं, आणि ते पुरेसं मोठं आहे.

मुलाखतीच्या वर्गांत हल्ली एक साचा शिकवतात: परिस्थिती, जबाबदारी, कृती, परिणाम. साचा चांगला आहे, बोलण्याला शिस्त लावतो. पण त्यात सोबतच्यांना जागा नाही आणि दैवालाही नाही. म्हणून मी विद्यार्थ्यांना कागदावर पाच रकाने आखायला लावते. मिरचीवाल्या मुलीचा कागद असा झाला: जागा पथारीची, ऐन हंगामाची. कर्ता ती, वही आखणारी. साधनं वही, पेन, काटा. धडपड रोज अंधार पडेपर्यंत थांबणाऱ्या सगळ्या बायकांची. आणि दैव हे की मुकादम ऐकून घेणारा निघाला. मग तिने तेच मोडक्यातोडक्या इंग्रजीत सांगितलं. या वेळी ती माझ्याकडे बघून बोलत होती.

आता मुलं खरी शंका काढतात. सगळं खरं सांगितलं तर नोकरी कोण देणार? माझं म्हणणं असं की खोटं न बोलणं हे बंधन आहे, सगळं सांगणं हे बंधन नाही. घरचं आजारपण, कर्ज, मोडलेलं लग्न यांवर कंपनीचा हक्क नाही. ‘लग्नानंतर नोकरी सोडणार का?’ असं मुलींना अजून विचारतात. ‘या कामाची जबाबदारी मी पूर्ण समजून घेतली आहे’ असं सांगून तिथे थांबण्याचा मुलीला अधिकार आहे. मौन पाळणं म्हणजे फसवणं नव्हे. कमकुवतपणाच्या प्रश्नाला ‘मी फार परिपूर्णतेच्या मागे लागतो’ हे मात्र फसवणंच आहे, आणि टेबलापलीकडच्या माणसाने ते त्या दिवशी अनेकदा ऐकलेलं असतं. ‘इंग्रजी बोलताना वाक्य जुळवायला मला वेळ लागतो; रोज एक बातमी मोठ्याने वाचतो’ हे खरं उत्तर आहे. त्यात दोष आहे आणि त्यावरची मेहनतही आहे.

एवढं करूनही निवड होईलच असं नाही. जागा चारच असतात, नंदुरबारहून जाणारी गाडी उशिरा पोचते, विचारणाऱ्याच्या मनात आधीच कुणीतरी असतं. हा पाचवा रकाना आपल्या हातचा नाही. निवड झाली नाही याचा अर्थ आपण खोटे ठरलो असा नाही, आणि झाली याचा अर्थ सगळं आपणच केलं असाही नाही. फळावर हक्क न सांगता काम नेटाने करावं, ही गीतेची शिकवण निकालाच्या दिवशी मुलांना सावरते, हे मी पाहिलं आहे.

मुलाखत घेणाऱ्यांना माझी एक विनंती आहे. आमच्या मुलांना घोटीव उत्तर आलं नाही तर एक साधा प्रश्न जास्तीचा विचारा: घरी, शेतात, पथारीवर तू काय करतोस? उत्तरासाठी अर्धा मिनिट थांबा.

आणि मुलांनो, उत्तरांसाठी मोबाइल उघडण्याआधी घरी जा. आईला विचारा, मी तुला कोणत्या कामात उपयोगी पडलो? सोबत्यांना विचारा, माझ्यावाचून कुठे अडलं होतं? ते जे सांगतील ते लिहून काढा आणि मग खुशाल पाठ करा. ते तुमचंच असेल, आणि ते बोलताना तुम्हाला कुणासमोर नजर चुकवावी लागणार नाही.