निमंत्रण कोणाचे, विषय कोणाचा

समाजकार्य करणारी व्यक्ती आणि ती ज्यांच्यासाठी काम करते ते लोक वेगवेगळ्या जातींचे, धर्मांचे किंवा वर्गांचे असतात, तेव्हा त्यांच्यातील बोलणे बरोबरीचे होते की नाही हे कार्यकर्त्याच्या हेतूवर फारसे अवलंबून नसते. बोलण्याची जागा कोणी ठरवली, विषय कोणी निवडला आणि त्या बोलण्यातून काय बदलू शकते व काय बदलू द्यायचे नाही हे आधीच कोणी निश्चित करून टाकले, यावर ते अवलंबून असते. समाजकार्याच्या शिक्षणात स्वपरीक्षणाला, म्हणजे कार्यकर्त्याने स्वतःच्या धारणा, पूर्वग्रह आणि सामाजिक स्थान यांची सातत्याने तपासणी करण्याला, मोठे महत्त्व दिले जाते. परंतु ही तपासणी मनातल्या भावनांपुरती राहिली आणि हातातल्या सत्तेपर्यंत पोहोचलीच नाही, तर ती एक प्रकारची खासगी साधना होऊन बसते आणि समोरच्या माणसाला तिचा काही उपयोग होत नाही. रत्नागिरी जिल्ह्याचा आणि त्याच्या परिसराचा गेल्या शतकातील इतिहास या दृष्टीने वाचण्याजोगा आहे, कारण तेथे हा प्रश्न पुस्तकात नव्हे तर देवळात, शेतात आणि पाणवठ्यावर उभा राहिला.

विनायक दामोदर सावरकर १९२४ ते १९३७ या काळात रत्नागिरीत स्थानबद्ध होते आणि राजकारणाला बंदी असल्याने त्यांनी आपली शक्ती अस्पृश्यतानिवारणाकडे वळवली. शाळांत मुलांना सरमिसळ बसवणे, सहभोजने म्हणजे सर्व जातींच्या लोकांनी एका पंक्तीत बसून जेवणे, आणि अखेर १९३१ साली सर्व हिंदूंना खुले असलेले पतितपावन मंदिर, अशी ही वाटचाल होती. मंदिर उभारण्याचा खर्च भागोजीशेठ कीर यांनी केला. ते भंडारी समाजातले, कष्टातून वर आलेले आणि मुंबईत बांधकामाच्या व्यवसायात यशस्वी झालेले गृहस्थ होते. त्या काळच्या रत्नागिरीत महाराच्या हातचे जेवणाऱ्याला स्वतःच्या घरात आणि जातीत काय सोसावे लागत असे हे लक्षात घेतले, तर या कामाचे धैर्य कमी लेखता येणार नाही.

तरीही संवादाच्या दृष्टीने पाहिले तर या प्रयत्नाला एक चौकट होती आणि ती निमंत्रण देणाऱ्याने आखलेली होती. हिंदूंचे संघटन हे उद्दिष्ट आधी ठरलेले होते आणि समता त्या उद्दिष्टाच्या आत बसवलेली होती. त्यामुळे ज्याला देवळात यायचे आहे त्याला दार उघडे झाले, पण आपल्याला देऊळ हवे आहे की जमीन, असे विचारण्याची जागा त्या रचनेत फारशी नव्हती. जिल्ह्यातील मुसलमान, जे किनाऱ्यावरच्या आणि खाडीकाठच्या कित्येक गावांत पिढ्यानपिढ्या राहत आले आहेत, ते तर या बोलण्याच्या कक्षेबाहेरच राहिले.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे मूळ गाव आंबडवे याच जिल्ह्यातील मंडणगड तालुक्यात आहे. १९३३ साली सावरकरांनी त्यांना रत्नागिरीस येण्याचे निमंत्रण दिले, तेव्हा इतर कामांमुळे येणे शक्य नाही असे कळवताना त्यांनी सावरकरांच्या कार्याची वाखाणणी केली. मात्र केवळ अस्पृश्यता जाऊन भागणार नाही, चातुर्वर्ण्यच गेले पाहिजे, हेही स्पष्टपणे सांगितले आणि ही गोष्ट ओळखणाऱ्या थोड्या लोकांत सावरकरांची गणना केली. या उत्तराचा केवळ गौरवाचा भाग उचलणारे आणि केवळ मतभेदाचा भाग उचलणारे, दोघेही त्यातील महत्त्वाची गोष्ट हुकवतात. ज्याला बोलावले जात होते त्याने सौजन्याने उत्तर दिले, पण ते देताना चर्चेचा विषयच बदलला.

तो बदललेला विषय कोकणात जमिनीपर्यंत जात होता. खोत म्हणजे सरकार आणि कसणारा यांच्यामध्ये उभा असलेला वंशपरंपरागत वसूलदार. तो गावाचा सारा सरकारात भरे आणि कुळांकडून पिकाचा मोठा हिस्सा घेई, शिवाय वेठही, म्हणजे मोबदल्याशिवायचे काम, करून घेई. खोत ब्राह्मण असत, मराठे असत, मुसलमानही असत. कुळे बहुतांशी कुणबी, महार व अन्य कष्टकरी जातींची होती. १८९९ साली खोतांच्या अधिकारांना मर्यादा घालू पाहणाऱ्या सरकारी विधेयकाला लोकमान्य टिळकांच्या ‘केसरी’ने विरोध केला, आणि टिळकांच्या घराण्याकडे दापोली तालुक्यातील चिखलगावची खोती होती. यात लोकमान्यांच्या सचोटीवर शंका घेण्याचे कारण नाही. परकीय सरकार रयतेच्या नावाने हस्तक्षेप वाढवते आहे, हा त्यांचा युक्तिवाद त्यांना मनापासून पटलेला असणार. परंतु एवढ्या तीक्ष्ण बुद्धीच्या आणि लोकांसाठी तुरुंगवास भोगणाऱ्या नेत्यालाही आपण जेथे उभे आहोत तेथून कुळाच्या अंगणातले दिसत नाही, हे येथे ठळकपणे कळते. प्रामाणिकपणा आणि स्वपरीक्षण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि समाजकार्यात त्यांची गल्लत वारंवार होते. पुढे सप्टेंबर १९३७ मध्ये आंबेडकरांनी मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले; प्रत्यक्ष कायदा व्हायला १९४९ साल उजाडले.

मग वरच्या जातीत जन्मलेल्या माणसाने या कामात पडूच नये काय? मंडणगडच्या शेजारी, तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यातील महाडला १९२७ साली याचे उत्तर मिळाले होते. सार्वजनिक पाणी अस्पृश्यांना खुले व्हावे यासाठी आंबेडकरांनी केलेल्या चवदार तळ्याच्या सत्याग्रहाला ब्राह्मणेतर पक्षाचे जेधे आणि जवळकर यांनी पाठिंबा देऊ केला, पण त्यात ब्राह्मण नसावेत अशी अट घातली. आंबेडकरांनी ती अट नाकारली. महाड नगरपालिकेचे सुरेंद्रनाथ टिपणीस, अनंतराव चित्रे आणि गंगाधर नीळकंठ सहस्रबुद्धे ही माणसे त्या लढ्यात होती, आणि मनुस्मृतिदहनाचा ठराव मांडणारे सहस्रबुद्धे जन्माने ब्राह्मण होते. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये भरलेल्या परिषदेसाठी स्थानिक हिंदूंकडून जागा मिळेना, तेव्हा ती एका मुसलमान जमीनमालकाने दिली. येथे फरक पडला तो जन्माने नव्हे. लढ्याचा कार्यक्रम पीडितांच्या नेत्याने ठरवला होता आणि या सहकाऱ्यांनी आपले ज्ञान, प्रतिष्ठा, नगरपालिकेतील अधिकार त्या कार्यक्रमाच्या स्वाधीन केले होते. सहकाऱ्याने दुय्यम स्थान स्वीकारणे हे त्याच्या विनयाचे प्रदर्शन नसते, ती कामाची गरज असते. आणि आजच्या अनेक संस्थांना नेमके हेच जड जाते.

स्वतःच्याच समाजात काम करणाऱ्याचे स्वपरीक्षण आणखी वेगळे असते. चिपळूणजवळच्या मिरजोळीत १९३२ साली जन्मलेल्या हमीद दलवाई यांनी १९६६ साली सात मुस्लिम महिलांचा मोर्चा मुंबईच्या विधानभवनावर नेला आणि १९७० साली पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापन केले. तोंडी तलाक आणि बहुपत्नीत्व यांविरुद्ध त्यांनी स्वकीयांचा रोष पत्करला, आणि हिंदू जमातवादावरही ते तितक्याच स्पष्टपणे लिहीत राहिले. परंतु त्यांच्या भाषणांना टाळ्या वाजवणाऱ्या हिंदू श्रोत्यांपैकी कितींनी त्या टीकेचा आरसा स्वतःकडे वळवला, हा प्रश्न आजही शिल्लक आहे. दुसऱ्या समाजातील सुधारकाचे कौतुक करणे सोपे असते, कारण त्यात आपले काही द्यावे लागत नाही. संवादात एका बाजूने स्वतःची चिकित्सा करायची आणि दुसरीने केवळ साक्षीला बसायचे, ही विषमताच आहे, आणि ती समाजकार्याच्या बैठकांतही शिरते: शोषितांनी आपले अनुभव सांगायचे आणि इतरांनी हळहळून ऐकायचे.

अमेरिकेत मिशिगन विद्यापीठात १९८८ साली आंतरगट संवादाचा जो उपक्रम सुरू झाला, त्यात ही अडचण ओळखून दोन्ही गटांतील लोकांची संख्या शक्य तितकी सारखी ठेवण्याची आणि संवाद चालवणारे दोघे, प्रत्येक बाजूचा एक, नेमण्याची पद्धत घातली गेली. ती पद्धत जशीच्या तशी कोकणातल्या गावात बसणार नाही. तेथील वस्ती वाड्यांनी बनते: बामणवाडी, कुणबीवाडी, भंडारवाडी, बौद्धवाडी, मोहल्ला. शिमग्यात ग्रामदेवतेची पालखी प्रथम कोणाच्या खांद्यावर, कोणाच्या दारी, याचे मान पिढीजात ठरलेले असतात आणि त्यावरून वाद होतात. मुंबईत गेलेल्या चाकरमान्यांची मंडळेही पुष्कळदा वाडीवारच असतात, आणि गावात येणारा पैसा त्यांच्यामार्फत त्या त्या वाडीत जातो. अशा गावात बाहेरून आलेला कार्यकर्ता सोयीचे म्हणून ग्रामदेवतेच्या सभामंडपात बैठक बोलावतो, तेव्हा १९५६ नंतर बौद्ध झालेले आणि त्या देवाच्या मानपानापासून जाणूनबुजून दूर झालेले लोक तेथे येत नाहीत, मोहल्ल्यातील स्त्रिया येत नाहीत, आणि अहवालात ‘या दोन वाड्यांचा प्रतिसाद कमी’ अशी नोंद पडते. नोंद खोटी नसते, पण तिच्यात कार्यकर्त्याने घेतलेल्या निर्णयाचा मागमूस राहत नाही आणि दोष न आलेल्यांच्या माथी बसतो.

क्षेत्रकार्याची दैनंदिनी, म्हणजे विद्यार्थी-कार्यकर्त्याने रोजच्या कामाची लिहायची नोंद, हे समाजकार्य शिक्षणातले जुने साधन आहे आणि त्यातून अशा गोष्टी उघड होऊ शकतात. मात्र ती वाचतो तो पर्यवेक्षक, आणि तोही बहुधा कार्यकर्त्याच्याच वर्गातला असतो; त्यामुळे तपासणी एकाच बाजूच्या दोघांत फिरत राहते. बैठक कोठे घ्यायची हे बौद्धवाडीला आणि मोहल्ल्याला आधी विचारणे, नळयोजनेचा किंवा आरोग्यशिबिराचा विषय त्यांनी नाकारला तर तो बाजूला ठेवण्याची तयारी असणे, आणि तयार झालेला अहवाल त्यांच्यासमोर वाचून त्यांनी सुचवलेली दुरुस्ती, संस्थेला किंवा निधी देणाऱ्याला अडचणीची असली तरी, त्यात त्यांच्याच शब्दांत राहू देणे, एवढे तरी त्या दैनंदिनीला जोडले गेले पाहिजे.