तीर्थाला मळ लागतो काय?

महाशिवरात्रीच्या जत्रेत मार्कंड्याला वैनगंगेच्या वाळवंटात एका वृद्ध माळकऱ्याने आम्हांस प्रश्न केला, "बुवा, जी माय आमची पापे धुते, तिला आमच्या मळाने काय होणार? वाहते पाणी आपोआप शुद्ध होते." प्रश्न भाविकाचा आहे, तो हसून टाळणे बरे नव्हे.

प्रथम हे ध्यानात घ्यावे, की पावित्र्य निराळे आणि स्वच्छता निराळी. गाभारा पवित्र आहे, म्हणून तेथे खरकटे टाकले तरी चालेल, असे कोणी म्हणतो काय? उलट पवित्र आहे म्हणूनच आपण तो जपतो. मग नदीलाच हा उफराटा न्याय का?

आता वाहत्या पाण्याची गोष्ट पाहू. माणसाच्या व गुराढोरांच्या आतड्यांत डोळ्यांना न दिसणारे असंख्य जंतू राहतात. त्यांपैकी एक 1885 साली थिओडोर एशेरिश या वैद्याने वर्णिला. त्यालाच आज ई-कोलाय म्हणतात. त्याचे बहुतेक प्रकार निरुपद्रवी. पण तो पाण्यात सापडला की विष्ठा तेथे पोचल्याची साक्ष मिळते. आणि तिच्यासंगे पटकी, विषमज्वर, हगवण यांची बीजेही येऊ शकतात. म्हणून पिण्याच्या 100 मिलिलिटर पाण्यात तो एकही आढळू नये, असे भारतीय मानक सांगते.

मृगाचा पहिला पाऊस रानातून, बांधांवरून, गावकुसाबाहेरून जे जे पडलेले असेल ते ओढ्यात लोटतो. ओढे नदीला मिळतात. वरच्या अंगाला नाग नदी नागपूरचे सांडपाणी घेऊन कन्हानला मिळते, आणि कन्हान अंभोऱ्यास वैनगंगेला. तेच अंभोरा, जेथे मुकुंदराजांनी विवेकसिंधु रचला असे एक परंपरा मानते. तेथून वैनगंगा गोसेखुर्दचे धरण ओलांडून मार्कंड्याला येते, पुढे चपराळ्याजवळ वर्धेला भेटून प्राणहिता होते, आणि सिरोंच्यापाशी गोदावरीत विलीन होते. एका गावाचे खालचे पाणी ते दुसऱ्या गावाचे वरचे पाणी!

या प्रवासात पुष्कळ जंतू मरतात. ऊन त्यांचा वैरी आहे. म्हणजे आमच्या माळकऱ्याचे म्हणणे अर्धे खरे. पण उरलेले अर्धे तळाशी दडलेले असते. जे जंतू मातीच्या कणांना चिकटतात, ते गाळात बसतात. तेथे ऊन पोचत नाही आणि अन्न मिळते. उघड्या पाण्यात जे थोड्या दिवसांत मेले असते, ते गाळात आठवडेच्या आठवडे, कधी महिनेही तग धरतात; वरच्या पाण्यापेक्षा तळात ते कित्येक पटींनी अधिक असतात. वर पाणी आरशासारखे दिसते! मग पूर येतो, म्हशी डोहात उतरतात, नाहीतर आपणच शंभर जण मिळून बुडी मारतो. गाळ ढवळतो आणि निजलेला मळ पुन्हा उठतो. ते पाणी खालच्या गावच्या पोराच्या ओठी लागते.

आता सांगा, दोष कोणाचा? ढवळणाऱ्याने घाण केली नाही. घाण करणारा केव्हाच घरी गेला. आणि जुलाबाने सुकते ते तिसऱ्याचेच लेकरू. कर्माचे फळ कर्त्याला, असे आपण म्हणतो. येथे फळ डोळ्यांदेखत दुसऱ्याच्या पदरात पडते. म्हणून कर्ता सुटला काय? नव्हे, त्याचे ऋण अधिकच जड झाले. ज्याचे फळ आपल्यालाच भोगावे लागते, तेथे भीतीही माणसाला सावरते. ज्याचे फळ कधीही न पाहिलेल्या माणसाला भोगावे लागते, तेथे सावरणारी एक भूतदयाच. सर्वांभूती पांडुरंग म्हणणाराची खरी परीक्षा तेथे आहे.

पण येथे न्यायही सोडू नये. गडचिरोलीच्या रानातली जी माउली वाळूत झिरा खणून वाटी-वाटीने घागर भरते, तिच्या गावात शौचालयाला ओतायला पाणी कोठून यावे? तिच्या टमरेलाकडे बोट दाखवणे सोपे, शहराच्या नळकांड्याकडे दाखवणे अवघड. ज्याची शक्ती मोठी, त्याचा दोषही मोठा आणि कर्तव्यही मोठे.

गाडगेबाबांनी (1876–1956) पंढरीच्या वाळवंटात खराटा चालवला, हे आपण कीर्तनात सांगतो. तुकडोजी महाराजांच्या ग्रामगीतेत ग्रामशुद्धीला स्वतंत्र अध्याय आहे. त्यांना काय नदीच्या पावित्र्याची शंका होती? छे, छे! खात्री होती, म्हणूनच खराटा हाती आला.

तेव्हा दिंडीने इतके करावे. परसाकडे वाळवंटात वा नाल्याकाठी बसू नये. जत्रेत शौचालय असेल तेथेच जावे, आणि त्याचा मैला रात्री ओढ्यात रिता होत नाही ना, हे विणेकऱ्याने विचारावे. पिण्याचे पाणी उकळून घ्यावे; तुरटीने गाळ बसतो, पण त्याने पाणी निर्धास्त होत नाही.

त्या माळकऱ्यास आम्ही एवढेच म्हणालो, "माउली, तीर्थाचे पावित्र्य आपल्या मळाने उणे होत नाही हे खरे, उणी होते ती आपली भक्ती." तो थोडा वेळ गप्प राहिला. मग तांब्या घेऊन उठला आणि वाळवंट सोडून वर, वस्तीतल्या शौचालयाच्या वाटेला लागला.

राम कृष्ण हरि.