न मिटणारा हिशेब

मनुष्य खेळतो कशासाठी, या प्रश्नाचा ऊहापोह विचारवंतांनी पुष्कळ केला आहे. योहान हाउझिंगा या डच इतिहासकाराने १९३८ साली ‘होमो लुडेन्स’ हा ग्रंथ लिहिला आणि संस्कृतीच्या मुळाशी क्रीडावृत्ती असल्याचे प्रतिपादन केले. खेळाची जी लक्षणे त्याने सांगितली, त्यांत एक असे आहे की खेळाला स्थळाची आणि काळाची मर्यादा असते. तो एका क्षणी सुरू होतो आणि एका क्षणी संपतो. हे लक्षण इतके उघड आहे की त्याचे महत्त्व सहसा ध्यानात येत नाही. जपानमधील व्हिडिओ गेम तयार करणाऱ्या कंपन्यांनी गेल्या दीड दशकात मोबाइलची जी वाट धरली, तिचा विचार करताना आम्हांला मात्र हेच लक्षण वारंवार आठवत राहिले.

विषय मुलांच्या करमणुकीचा, तोही दूरदेशीचा. त्यात नैतिक प्रश्न तो कोणता, असे काही वाचकांना वाटेल. आमच्या मते प्रश्न फार जुना आहे. करमणूक विकणाऱ्याने गिऱ्हाइकाला केव्हा मोकळे करावे, हा तो प्रश्न. त्याचे उत्तर जपानमध्ये कसे बदलत गेले, हे पाहण्यासारखे आहे.

निन्टेंडो ही या व्यवसायातील सर्वांत प्रसिद्ध कंपनी. फुसाजिरो यामाउची यांनी ती १८८९ साली क्योतो शहरात स्थापन केली, ती ‘हानाफुदा’ नावाचे फुलापानांचे पत्ते बनवण्यासाठी. पुढे १९८३ मध्ये तिने ‘फॅमिकॉम’ हे घरच्या दूरचित्रवाणी संचाला जोडण्याचे यंत्र जपानमध्ये बाजारात आणले आणि १९८५ मध्ये ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ हा खेळ. आपल्याकडच्या मुलांना तो यथावकाश माहीत झाला. खेळाच्या डबीला आपली मुले ‘कॅसेट’ म्हणत. त्या काळच्या व्यवहाराचे स्वरूप लक्षात घेण्याजोगे आहे. गिऱ्हाईक एकदा किंमत मोजी आणि खेळ घरी नेई. तो चांगला निघाला तर पुढचा खेळ घेताना त्याच कारागिराची आठवण ठेवी. वाईट निघाला तर दुकानाकडे पाठ फिरवी. दाम मोजले, वस्तू मिळाली, हिशेब मिटला. खेळ कितीदा खेळावा, केव्हा सोडावा, यात बनवणाऱ्याचा काही स्वार्थ उरत नसे. त्याचे सारे कसब खेळ घडवण्यातच खर्ची पडे.

याला अपवाद होता, हे मान्य केले पाहिजे. ‘तायतो’ कंपनीचा ‘स्पेस इन्व्हेडर्स’ १९७८ साली आला, तेव्हा प्रत्येक डावाला यंत्रात नाणे टाकावे लागे. परंतु तेथेही एका नाण्याला एक डाव हा सौदा उघड होता. नाणे टाकणाऱ्याला आपण काय विकत घेतो हे ठाऊक असे, आणि खिसा रिकामा झाला की पाय आपोआप घराकडे वळत.

जपानमध्ये मोबाइल फोनवरचे इंटरनेट १९९९ सालीच सुरू झाले होते. आगगाडीने रोज तास-दोन तास प्रवास करणाऱ्या या देशात फोनवरचे खेळ लवकर रुजले, आणि स्मार्टफोन आल्यावर तर त्यांना पूर आला. गंगहो या कंपनीचा ‘पझल अँड ड्रॅगन्स’ हा खेळ फेब्रुवारी २०१२ मध्ये निघाला. मे २०१३ मध्ये शेअर बाजारात या कंपनीचे मोल काही काळ निन्टेंडोहूनही अधिक झाले होते. सव्वाशे वर्षांच्या घराण्याला एका फुकट मिळणाऱ्या खेळाने मागे टाकले! फुकटच्या वस्तूतून एवढा पैसा कसा येतो, हे समजले म्हणजे आपला प्रश्न समजतो.

याचे उत्तर ‘गाचा’ या शब्दात आहे. जपानमधील दुकानांबाहेर लहान यंत्रे असतात. नाणे टाकून मूठ फिरवली की ‘गाचा’ असा आवाज होतो आणि एक गोल डबी बाहेर पडते. आत कोणते खेळणे आहे, हे उघडेपर्यंत कळत नाही. फोनवरच्या खेळांनी हीच युक्ती उचलली. खेळ फुकट, पण त्यातील पराक्रमी योद्धे, दुर्मिळ शस्त्रे किंवा लाडकी पात्रे हवी असतील तर पैसे भरून सोडत काढायची. हवे ते पहिल्या खेपेस निघेल, कदाचित शंभराव्या खेपेसही निघणार नाही. यातील एका प्रकारात अशा सोडतींतून ठरावीक वस्तूंचा पूर्ण संच जमवल्यावरच मोठे बक्षीस मिळे. संच जवळजवळ पूर्ण झाला की राहिलेली एक वस्तू माणसाला झोप लागू देत नाही. मे २०१२ मध्ये जपानच्या ग्राहक व्यवहार संस्थेने हा प्रकार कायद्याविरुद्ध असल्याचे जाहीर केले आणि तो बंद झाला. साधा गाचा मात्र चालूच राहिला.

जुगाराचा मोह आपल्याला अपरिचित नाही. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील अक्षसूक्तात जुगाऱ्याने स्वतःच्या दुर्दशेचे वर्णन केले आहे. घर उद्ध्वस्त झाल्याचे त्याला कळते, तरी फाशांचा आवाज कानी पडताच पाय तिकडे ओढले जातात. द्यूतसभेतील युधिष्ठिराला धर्म कळत नव्हता असे कोण म्हणेल? तरीही आमच्या मते गाचा आणि द्यूत यांत दोन भेद आहेत, आणि दोन्ही गाचाच्या विरोधात जातात. द्यूतात समोर प्रतिस्पर्धी असतो. येथे समोर कोणीच दिसत नाही, आणि कोणती वस्तू किती विरळा निघावी हे खेळ चालवणाराच ठरवतो. द्यूतात जिंकणाऱ्याच्या पदरी निदान काही धन पडते. येथे जिंकलेला योद्धा म्हणजे कंपनीच्या संगणकावरची एक नोंद. कंपनीने खेळ बंद केला की नोंदही गेली.

या कथेत आम्हांला सर्वाधिक विचार करायला लावला तो सातोरू इवाता यांनी. ते २००२ पासून निन्टेंडोचे अध्यक्ष होते आणि मुळात स्वतः खेळ घडवणारे कारागीर होते. गाचासारख्या पद्धतीने पैसे मिळवण्याचा आपला विचार नाही, कारण त्यातून गिऱ्हाइकाशी दीर्घकाळचे नाते जुळत नाही, अशी भूमिका त्यांनी २०१२ साली जाहीरपणे मांडली होती. पण कंपनीला तोटा येत होता. जानेवारी २०१४ मध्ये त्यांनी काही महिन्यांसाठी स्वतःचे वेतन निम्म्यावर आणले. नोकरकपात करण्यास ते तयार नव्हते. नोकरी जाण्याच्या धास्तीत असलेला मनुष्य लोकांना आनंद देणारी वस्तू घडवू शकणार नाही, असे त्यांचे म्हणणे होते. अखेर मार्च २०१५ मध्ये त्यांनी मोबाइल खेळांच्या क्षेत्रातील डीएनए या कंपनीशी सहकार्य जाहीर केले. त्याच वर्षी जुलैमध्ये, वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी, त्यांचे निधन झाले.

त्यांना दोष देणे आम्हांला जमत नाही. एका बाजूस कलेशी आणि गिऱ्हाइकाशी इमान, दुसऱ्या बाजूस हजारो कामगारांच्या चुली. दोन्ही कर्तव्येच. कर्तव्य आणि मोह यांच्यात निवड करणे त्यामानाने सोपे असते. दोन कर्तव्ये समोरासमोर आली म्हणजे खरी कसोटी लागते. कोनामी या दुसऱ्या मोठ्या कंपनीने त्याच सुमारास मोबाइल हेच आपले मुख्य क्षेत्र राहील, असे जाहीर केले. तिचे सर्वांत नावाजलेले दिग्दर्शक हिदेओ कोजिमा वर्षअखेरीस कंपनीतून बाहेर पडले आणि त्यांनी स्वतःची संस्था काढली.

इवातांच्या पश्चात निन्टेंडोने जे केले, तो जणू एक नैतिक प्रयोगच ठरला. डिसेंबर २०१६ मध्ये तिने ‘सुपर मारिओ रन’ हा खेळ आयफोनवर आणला. सुरुवातीचा थोडा भाग फुकट. पुढे एकदाच १२०० येन भरा आणि संपूर्ण खेळ तुमचा. गाचा नाही, सोडत नाही. जुन्या दुकानदारीची रीत नव्या यंत्रावर आली होती. जगभर कोट्यवधी लोकांनी तो उतरवून घेतला. पण किंमत भरण्याची वेळ येताच बहुतेकांनी हात आखडता घेतला आणि किमतीबद्दल कुरकुरही झाली. दोनच महिन्यांनी ‘फायर एम्ब्लेम हीरोज’ हा खेळ आला. तो फुकट होता आणि त्यात गाचा होता. मारिओइतका तो लोकप्रिय नव्हता, खेळणारेही कमी होते. पण मिळकत मात्र मारिओच्या कित्येक पटींनी झाली. जी गोष्ट करणार नाही असे अध्यक्ष म्हणाले होते, ती पाच वर्षांत घडली.

येथे तीन आक्षेप घेता येतील, आणि तिन्ही दुर्लक्षिण्याजोगे नाहीत. पहिला असा की निन्टेंडोचे मूळ पत्तेच जुगारी लोकांच्या हातांत खेळत. मग आताच एवढा सोवळेपणा का? आक्षेप ऐतिहासिकदृष्ट्या खरा आहे. परंतु पत्ते विकणाऱ्याला पत्त्यांची किंमत मिळे, हरलेल्याच्या पैशात त्याचा वाटा नसे. पत्ते बनवणे आणि जुगाराचा अड्डा चालवणे यांतील अंतर गाचाने पुसून टाकले.

दुसरा आक्षेप स्वातंत्र्याचा. कोणी कोणावर सक्ती करत नाही. ज्याला परवडते तो भरतो. यावर आमचे म्हणणे असे की संमतीला अर्थ यायचा तर ती देणाऱ्याला सौदा दिसला पाहिजे. किती पैशांत काय मिळेल हे ज्यात मुद्दामच झाकलेले असते, त्यात होकार असतो, पण पूर्ण संमती नसते. जपानमधील काही कंपन्यांनी पुढे सोडतीतील शक्यता जाहीर करण्यास आणि ठरावीक सोडतींनंतर हवी ती वस्तू देण्यास सुरुवात केली, ती या जाणिवेतूनच. बेल्जियममध्ये २०१८ साली अशा काही सोडती जुगार ठरल्या आणि पुढच्या वर्षी निन्टेंडोने आपले दोन मोबाइल खेळ तेथून काढून घेतले.

तिसरा आक्षेप आम्हांला सर्वांत वजनदार वाटतो. महागडे यंत्र आणि महागडी कॅसेट ज्यांना कधीच घेता आली नसती, अशा लक्षावधी मुलांच्या हाती हे खेळ विनामूल्य आले. हे खरे आहे, आणि लहान गोष्ट नाही. पण हे अन्नछत्र कोणाच्या पैशावर चालते? या व्यवसायात सर्वज्ञात आहे की खेळणाऱ्यांपैकी बहुसंख्य लोक काहीच भरत नाहीत. मिळकतीचा मोठा भाग थोडक्या जणांकडून येतो. या थोडक्यांत हौशी धनिक असतील, तसेच ज्यांना थांबता येत नाही असेही असतात. दोघांत फरक करण्याची गरज हिशेबाच्या वहीला पडत नाही. अनेकांची फुकट करमणूक काही जणांच्या दुबळेपणावर उभी असेल, तर ती करमणूक घेणाऱ्यांनीही आपले ताट कोणी भरले हे एकदा विचारायला हवे.

म्हणूनच दोष केवळ कंपन्यांच्या माथी मारून आपल्याला सुटता येणार नाही. प्रामाणिक सौदा समोर ठेवला होता, तो लोकांनी नाकारला. फुकट हवे, या आपल्या हट्टाने कारागिराला अड्ड्याच्या दाराशी आणून सोडले. वस्तूची रास्त किंमत मोजण्याचे दोन परिणाम असतात: कारागीर जगतो आणि गिऱ्हाईक मोकळे होते. दुसऱ्या परिणामाचा आपल्याला विसर पडला आहे.

शेवटचा मुद्दा स्मृतीचा. निन्टेंडोचा ‘ड्रॅगेलिया लॉस्ट’ हा मोबाइल खेळ २०१८ मध्ये सुरू झाला आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये बंद झाला. त्यात ज्यांनी वर्षानुवर्षे वेळ आणि पैसा घातला, त्यांच्या हाती काही उरले नाही. उलट १९८५ ची मारिओची डबी कोणाच्या माळ्यावर असेल आणि यंत्र धड असेल, तर ती आजही चालेल. कोणाची परवानगी लागणार नाही. आशा वाटावी असेही एक उदाहरण आहे. ‘अ‍ॅनिमल क्रॉसिंग: पॉकेट कॅम्प’ हा निन्टेंडोचा २०१७ चा फुकट खेळ. नोव्हेंबर २०२४ मध्ये त्याची सेवा थांबली. पण लगेच पुढच्या महिन्यात कंपनीने तोच खेळ एकदाच किंमत देऊन कायमचा घेण्याच्या रूपात आणला. पुढे त्यात आणखी पैसे मागणे नाही. कोनामीही आपल्या जुन्या, घरच्या यंत्रावर खेळायच्या मालिकांकडे परतली. ‘सायलेंट हिल २’ २०२४ मध्ये आणि ‘मेटल गिअर सॉलिड ३’ २०२५ मध्ये नव्या रूपात आले. व्यवसायाला आलेल्या वळणावरून परतण्याची वाट अगदीच बुजलेली नाही, एवढे यावरून दिसते.

आमच्या लहानपणी दिवेलागणीला घरातून हाक येई आणि डाव मोडे. तेव्हा ती हाक नकोशी वाटे. आज वाटते, त्या हाकेने खेळाला खेळपण दिले होते. उद्याचा डाव गोड लागे तो आजचा संपला म्हणून. फोनमधल्या खेळाला अशी हाक ऐकू येत नाही, कारण तो संपावा असे बनवणाऱ्याला वाटत नाही. ती हाक आता कायद्याने घालायची, कारागिराने की आपली आपणच, याचा निर्णय प्रत्येक घराला करावा लागेल. ती कोणीच घातली नाही, तर डाव चालूच राहील. पण त्याला खेळ म्हणता येईल की नाही, याची आम्हांला शंका आहे.